पत्र गुरूंना, उत्तरं पालकांना: नागपुरात अनेक क्लासेसचा एकत्र नृत्याविष्कार बसवताना

शहरातल्या दहा-बारा नृत्यवर्गांचे विद्यार्थी एका मंचावर आणायचे असं एखाद्या संस्थेने ठरवलं, की सगळ्यात आधी पोस्टर तयार होतं. ते फेसबुकवर जातं, चार व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं, शंभरेक अंगठे मिळतात आणि नावं मात्र दोनच येतात. यात नवल काही नाही. पोस्टर पाहून क्लास येत नाही, तो क्लासच्या ताई 'हो' म्हणाल्या तर येतो. आणि ताई 'हो' म्हणण्याआधी मनात एकच हिशेब करतात: उद्या तीस पालक मला जे विचारतील त्याची उत्तरं माझ्याकडे आहेत का? किती वाजता आणायचं, कधी सुटणार, पैसे किती, ड्रेस कोण देणार, आजी-आजोबांना पास मिळेल का, व्हिडिओ मिळेल का. ही उत्तरं तुमच्या पत्रात असतील तर ताईंचं काम सोपं होतं. नसतील तर "बघू, कळवते" असं उत्तर येतं, आणि त्याचा अर्थ नागपुरात सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून पत्र लिहायच्या आधी काही गोष्टी पक्क्या करायच्या. निम्मं काम तिथेच होतं.

आधी ठरवा: स्पर्धा की सादरीकरण

हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट हवं. प्रवेश फी, ट्रॉफी आणि नावापुढे 'अखिल भारतीय' लावलेल्या स्पर्धांची पत्रकं शिक्षकांकडे इतकी येतात, की तुमचं पत्रही त्याच गठ्ठ्यात जाण्याची भीती असते. क्रमांक नाहीत, परीक्षक नाहीत, प्रत्येक क्लासला सारखा वेळ, असं असेल तर तसं लिहा. माझं मत विचाराल तर वेगवेगळ्या गुरूंचे विद्यार्थी एकत्र आणताना क्रमांक देऊच नयेत. हरलेलं मूल दोन दिवसांत विसरतं. त्याच्या गुरूंचा क्लास मात्र गावभर 'तिसरा आलेला' ठरतो, आणि पुढच्या वर्षी त्या तुमचा फोन घेत नाहीत.

तारीख

२९ एप्रिलला आंतरराष्ट्रीय नृत्यदिन असतो आणि प्रत्येक नव्या आयोजकाला तोच दिवस सुचतो. बाहेर पारा चाळीसच्या वर, भरतनाट्यम्‌ची मुलगी कांजीवरम पोशाखात, केसांचा गंगावन, गळ्यापर्यंत मेकअप, आणि मेकअप रूममध्ये एक पंखा. शिवाय अर्धी मुलं मामाच्या गावाला गेलेली. एप्रिल-मे हा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचाही काळ आहे. या मोसमात कार्यक्रम घेऊ नका.

जुलैत गुरुपौर्णिमा असते. तेव्हा प्रत्येक क्लासचा आपापला कार्यक्रम असतो, तुमच्यासाठी वेगळा नाच बसवायला कोणाला उसंत नसते. पोळ्याच्या आसपासची तारीख घेणार असाल तर तान्हा पोळ्याचा दिवस टाळा. बडग्या-मारबतीच्या मिरवणुकीने महाल-इतवारीकडची मुलं वेळेत पोहोचायची नाहीत. नवरात्राच्या आधीचा महिना बॉलीवूड आणि वेस्टर्न शिकवणाऱ्यांसाठी गरबा वर्कशॉपचा, म्हणजे कमाईचा असतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंदोबस्तात असतात, मोर्चे निघतात. त्यातच शाळांची गॅदरिंगं.

मला सगळ्यात बरी वाटते ती संक्रांतीनंतरची आणि २६ जानेवारीच्या आधीची शनिवार-रविवारची संध्याकाळ. हवा छान असते. शिवाय गांधर्वच्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्राला बसलेल्या मुलांचे कथकचे तुकडे (छोट्या बोलरचना), तत्कार (पायांचं काम), अभिनयाची रचना सगळं अंगात मुरलेलं असतं, त्यामुळे शिक्षकांना नव्याने काही बसवावं लागत नाही. दहावी-बारावीची मुलं मिळणार नाहीत, हे मात्र गृहीत धरा. तारीख जानेवारीची असेल तर पहिला शब्द ऑगस्टअखेर टाकावा, पत्र सप्टेंबरात द्यावं आणि मुलांची पक्की नावं दिवाळीनंतर घ्यावीत.

सभागृह

रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह भव्य आहे, जवळपास दोन हजार खुर्च्यांचं. पण शंभर मुलं आणि प्रत्येकामागे तीन-चार माणसं धरली तरी चारशेच प्रेक्षक होतात, आणि तिथे चारशे माणसं विखुरली की सभागृह रिकामंच दिसतं. सिव्हिल लाइन्सचं वसंतराव देशपांडे सभागृहही मोठंच. क्लासेसच्या कार्यक्रमाला शंकरनगरचं साई सभागृह किंवा लक्ष्मीनगरात आठ रस्ता चौकातलं सायंटिफिक सभागृह अशा मध्यम जागा शोभतात. साईला यायला मेट्रोचं शंकरनगर चौक स्टेशन सोयीचं पडतं, हे पत्रात लिहिलंत तर पार्किंगची चिंता करणारे पालक थोडे निवांत होतील.

बुकिंगच्या अटी वाचताना एक ओळ शोधा: सरकारी कार्यक्रम आला तर तारीख रद्द होऊ शकते का? होऊ शकत असेल तर पर्यायी तारीख आधीच ठरवून ठेवा. आणि जागा पाहायला जाल तेव्हा चपला काढून मंचावर चाला. लाकडी फळ्यांमधून वर आलेला खिळा, सैल झालेला गालिचा, विंगेतला अंधार हे खुर्चीत बसून दिसत नाही. गालिच्यावर घुंगरांचा आवाजही मरतो. कथकवाल्या ताई पहिला प्रश्न तोच विचारतील, तेव्हा गालिचा काढता येतो का ते व्यवस्थापकाला तिथेच विचारून घ्या.

निमंत्रणं किती? आधी मिनिटं मोजा

अडीच तासांचा कार्यक्रम म्हणजे १५० मिनिटं. दीपप्रज्वलन, दोन शब्द आणि सत्कार कितीही आवरला तरी १५ मिनिटं. मध्यंतर १०. उरली १२५. एका नाचाला ७ मिनिटं आणि मंच रिकामा होऊन पुढचा गट उभा राहायला, निवेदन धरून, २ मिनिटं. म्हणजे प्रत्येकी ९. हिशेबाने तेरा नाच बसतात, चौदावा बसत नाही. यातले बारा क्लासेसना द्या आणि एक जागा हातची ठेवा, कारण कोणीतरी सातऐवजी नऊ मिनिटं घेणारच.

वेळ ठरवताना नृत्यप्रकार ओळखा. भरतनाट्यमच्या सुरुवातीचा अलारिपू चार-पाच मिनिटांत होतो, पण वर्णम्‌ हा मार्गम्‌मधला (भरतनाट्यमच्या ठरलेल्या सादरीकरण-क्रमातला) सर्वांत मोठा भाग, तो नीट केला तर अर्धा तास लागतो. "सात मिनिटांत वर्णम्‌ करा" हे भरतनाट्यम्‌च्या गुरूंना सांगणं हा अपमान आहे. त्यांना जतिस्वरम्‌ किंवा तिल्लाना सुचवा, किंवा रचना त्यांच्यावर सोडा आणि मिनिटं तेवढी सांगा. कथकात तीनतालातली वंदना-थाट-तुकडे अशी छोटी मांडणी सात मिनिटांत छान होते. लावणी, दंडार किंवा गोंडी लोकनृत्याचे गट मोठे असतात. त्यांना मंचावर यायला-जायलाच जास्त वेळ लागतो, तो धरा.

कोणाला आधी विचारायचं

इथे माणसं ओळखावी लागतात. नागपुरात अनेक क्लासेस एकमेकांतून फुटलेल्या फांद्या आहेत. धरमपेठेतल्या ज्येष्ठ गुरूंची शिष्या मनीषनगरात शिकवते, तिची शिष्या हिंगण्याला. शिष्येला आधी पत्र गेलं आणि गुरूंना नंतर कळलं, तर दोघीही नकार देतील, आणि शिष्येचा नकार खऱ्या संकोचातून येईल. म्हणून ज्येष्ठांपासून सुरुवात करा. त्यांना स्वतः भेटा आणि सरळ विचारा, "ताई, तुमच्या कोणत्या विद्यार्थिनींना वेगळं पत्र देऊ?" बऱ्याचदा त्याच दोन फोन लावून देतात.

यादी एकाच भागाची किंवा एकाच भाषेची होऊ देऊ नका. जरीपटका, सदर, वर्धमाननगर, कामठीकडचे क्लासेस हिंदीत चालतात, त्यांच्यासाठी हिंदी पत्र करा. शास्त्रीय आणि वेस्टर्न दोन्ही बोलावणार असाल तर दोघांनाही तसं आधी सांगा. काही शास्त्रीय गुरूंना हिप-हॉपनंतर मंचावर जायला आवडत नाही, तो त्यांचा हक्क आहे.

भेटीची वेळ बघून जा. क्लासेस संध्याकाळी पाच ते साडेआठ आणि शनिवार-रविवार सकाळी जोरात असतात. मुलींचं तत्कार चालू असताना दारात उभं राहून "दोनच मिनिटं, मॅडम" म्हणणाऱ्याला दोनच मिनिटं मिळतात. मंगळवार-बुधवारी दुपारी अकरा ते एकच्या दरम्यान फोन करून जा.

पत्र

एक पान. लेटरहेडवर, गुरूंच्या नावाने, हाताने सही केलेलं. 'सर्व नृत्यशिक्षकांस' असं छापील पत्रक कोणालाच उद्देशून नसतं. नावापुढे काय लावायचं, गुरू, विदुषी, पंडित, डॉक्टर की नुसतं श्रीमती, हे आधी विचारून घ्या. नमुना असा:

*आदरणीय … ताई,*

*सप्रेम नमस्कार. येत्या जानेवारीत, तिसऱ्या रविवारी संध्याकाळी ५ ते ७.३० या वेळेत, साई सभागृह, शंकरनगर येथे आमची संस्था नागपुरातल्या बारा नृत्यवर्गांच्या विद्यार्थ्यांचा एकत्रित नृत्याविष्कार घेत आहे. ही स्पर्धा नाही. क्रमांक आणि परीक्षक नाहीत. आपल्या विद्यार्थ्यांनी त्यात सहभागी व्हावं अशी मनापासून विनंती आहे.*

*आपल्या वर्गाला ७ मिनिटं राखून ठेवली आहेत. रचना आणि विद्यार्थी आपण निवडावेत. विद्यार्थी ४ ते १० असावेत, वय ८ च्या पुढे आणि किमान दोन वर्षांचं शिक्षण झालेलं असावं. सहभागासाठी शुल्क नाही. प्रत्येक विद्यार्थ्यामागे ३ प्रवेशिका विनामूल्य मिळतील. वेशभूषा आणि रंगभूषा आपल्याकडे, ध्वनी-प्रकाश, खाऊ, पाणी आणि चित्रीकरण आमच्याकडे. ध्वनिचित्रफीत तीन आठवड्यांत आपल्याकडे पोहोचेल.*

*विद्यार्थ्यांनी दुपारी २ वाजता यावं. आपल्या वर्गाचं सादरीकरण झाल्यावर पालक मुलांना घेऊन जाऊ शकतात. पत्रिकेत वर्गांची नावं अकारविल्हे छापली जातील.*

*आपला होकार किंवा नकार ३० सप्टेंबरपर्यंत कळवावा. नकार असला तरी राग नाही, जागा दुसऱ्या वर्गाला देता येईल इतकंच.*

या पत्रातल्या दोन ओळींवर थोडं बोलायला हवं. 'अकारविल्हे' हा शब्द वरवर किरकोळ दिसतो, पण कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली यावरून होणारी नाराजी तो आधीच मिटवतो. आणि 'सादरीकरण झाल्यावर जाऊ शकतात' ही ओळ लिहायला आयोजक कचरतात, कारण शेवटी सभागृह रिकामं होईल ही धास्ती असते. पण सात वर्षांच्या धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली आई तशीही उठणार आहे. तिला परवानगी देऊन टाका. उलट शेवटच्या अर्ध्या तासात मोठ्या गटाचा, पन्नासेक नातेवाईक हमखास आणणारा नाच ठेवा.

पैशांचं लपवू नका

वर शुल्क नाही असं लिहिलंय, पण सगळ्यांना ते परवडत नाही. शुल्क घेणार असाल तर प्रतिविद्यार्थी आकडा, त्यात काय मिळतं, आणि मूल आजारी पडलं तर पैसे परत मिळतील का, हे तिन्ही पत्रातच हवं. सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे सहभाग 'मोफत' म्हणायचा आणि नंतर प्रत्येक क्लासच्या गळ्यात पन्नास तिकिटं मारायची. ताईंना मग ती पालकांच्या गळ्यात मारावी लागतात, आणि "मॅडम, नाचायचेही पैसे आणि पाहायचेही पैसे लागून राहिले का?" हा प्रश्न त्यांना ऐकावा लागतो, तुम्हाला नाही. खर्च भागत नसेल तर प्रायोजक शोधा, प्रकाशयोजना साधी करा, पुष्पगुच्छ बंद करा. शाल-श्रीफळ बारा जणांना द्यायचं म्हणजे बारा मिनिटं जातात. त्याऐवजी प्रत्येक क्लासचा नाच संपला की गुरूंना मुलांसोबतच मंचावर बोलावून नमस्कार करू द्या. टाळ्या तेव्हा जास्त पडतात.

पाठपुरावा

पत्र दिल्यावर आठवडाभराने एक फोन. मग मुदतीच्या तीन दिवस आधी एक साधा मेसेज: "ताई, रविवारपर्यंत कळवाल का? यादी छापायला द्यायची आहे." याहून जास्त मागे लागू नये. होकार आलेल्या शिक्षकांचा एक ग्रुप करा, पण त्यात फक्त सूचना जाऊ द्या. कोणाला कितवा क्रम, कोणाला किती मिनिटं, हे ग्रुपवर टाकलंत की तुलना सुरू होते. ते ज्याचं त्याला वेगळं कळवा. दोन-तीन क्लासेस प्रतीक्षेत ठेवा आणि त्यांना ते प्रतीक्षेत आहेत हे खरं सांगा.

माहितीचा फॉर्म

दिवाळीनंतर हा फॉर्म जातो. मुलांची नावं मराठीत आणि इंग्रजीत, प्रमाणपत्रावर हवी तशी. रचनेचं नाव, राग-ताल, नृत्यदिग्दर्शन कोणाचं, संगीत कोणाचं. घराणं किंवा बानी (भरतनाट्यमची शैली-परंपरा) लिहायची आहे का. मंचावर काही सामान लागणार का. साथ ध्वनिमुद्रित की प्रत्यक्ष. आणि निवेदकासाठी तीन वाक्यं, जास्त नाही. निवेदकाला 'धित्तां' आणि 'तिहाई' वाचता आलं पाहिजे, नाहीतर पहिल्या रांगेतले गुरुजी डोळे मिटून घेतात.

ट्रॅक दहा दिवस आधी मागा, व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा आणि फाइलला क्लासचं नाव द्यायला लावा. 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल खरा' अशा तीन फायली आल्या तर फोन करून विचारा. त्या दिवशी ताईंनी पेनड्राइव्हवरही ट्रॅक आणायचा.

गाण्यांच्या हक्कांचा प्रश्न आयोजकाचा आहे, शिक्षकांचा नाही. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर केलेल्या सादरीकरणाला काही सूट आहे. तिकीट लावलं की ती सांगता येत नाही. शिवाय गाण्याचा हक्क आणि त्याच्या रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो. आयपीआरएस (गाण्याच्या हक्कासाठी) आणि पीपीएल (रेकॉर्डिंगच्या हक्कासाठी) या संस्थांकडे परवान्याची चौकशी कार्यक्रमाच्या महिनाभर आधी करा, आदल्या दिवशी नव्हे.

आणखी एक अट सर्वांना सारखी लेखी द्या: लहान मुलांच्या वयाला न शोभणारे बोल आणि हावभाव असलेली गाणी नकोत. हे आधी सांगितलं तर तो नियम असतो, रंगीत तालमीत सांगितलं तर भांडण.

क्रम लावताना पायांचा विचार करा

शास्त्रीय नर्तक अनवाणी असतात. त्यांच्या आधी बुटांतला गट नाचून गेला की मंचावर बाहेरची माती, सुटलेल्या टिकल्या, ड्रेसची पिन, चमकी पडलेली असते. भरतनाट्यम्‌च्या मुलीने त्यावर जोरात पाय आपटला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून शास्त्रीय नाच पूर्वार्धात, बुटांतले मध्यंतरानंतर. लोकनृत्य कुठेही चालेल, पण नंतर झाडू हवाच. विंगेत ओला पोछा आणि कोरडा झाडू घेतलेला माणूस हा तुमच्या कार्यक्रमातला निवेदकाइतकाच महत्त्वाचा माणूस आहे. नटराजाच्या पूजेची झेंडूची फुलंही मंचाच्या कडेला ठेवा, मध्ये नको. चुरडलेली पाकळी तेलासारखी निसरडी होते.

प्रत्यक्ष तबला, संवादिनी, पढंत (बोलांचं पठण) असलेले नाच एकापाठोपाठ लावा, म्हणजे वादकांची बैठक आणि माइक एकदाच मांडावे लागतील. दोन-तीन कथक वर्गांची तयारी असेल तर लेहऱ्याला (तालाच्या आवर्तनात फिरत राहणाऱ्या धुनेला) एकच संवादिनीवादक बसवून त्यांचं मानधन वाटून घेता येतं. हे मात्र ताईंनी आपसात ठरवावं, तुम्ही फक्त सुचवा.

तालीम उलट्या क्रमाने घ्या. शेवटचा नाच आधी, पहिला सर्वांत शेवटी. मग पहिल्या गटाची तालीम संपते तेव्हा मंच आणि प्रकाश त्यांच्यासाठीच लावलेले असतात.

मेकअप रूम

मुलं अल्पवयीन असतात, म्हणून पालकांची लेखी संमती घ्या: सहभागासाठी वेगळी, फोटो-व्हिडिओसाठी वेगळी. कपडे बदलायच्या खोलीत मोबाइल नाही, कोणाचाच नाही. मुलींच्या खोलीच्या दारावर दोन महिला स्वयंसेविका, आणि आत प्रत्येक क्लासच्या दोनच आया. मूल कोणाच्या ताब्यात दिलं त्याची वहीत सही. जवळच्या डॉक्टरांचा फोन नंबर आणि प्रथमोपचाराची पेटी विंगेत.

खाऊत इडली, केळं, राजगिऱ्याचा लाडू. तर्री पोहे आपल्याला कितीही प्रिय असोत, पांढऱ्या अंगरख्यातल्या दहा मुलींच्या हातात ती प्लेट देऊ नका. कार्यक्रम झाल्यावर मोठ्यांनी खुशाल खावे.

नंतर

कबूल केलेल्या तीन आठवड्यांत व्हिडिओ पाठवा, आणि प्रत्येक क्लासचा भाग वेगळा कापून पाठवा. ताईंना अडीच तासांच्या फायलीत आपल्या मुली शोधायला लावू नका. प्रमाणपत्रावरची नावं फॉर्मशी ताडून पाहा. 'श्रावणी'ची 'श्रावनी' झाली तर ते प्रमाणपत्र नव्याने छापा. शुल्क घेतलं असेल तर जमाखर्चाचं एक पान सर्व क्लासेसना द्या. ज्यांनी या वेळी नकार दिला त्यांनाही व्हिडिओतली पाच मिनिटं पाठवा, सोबत काही न लिहिता. आणि प्रतीक्षा यादीत राहिलेल्या दोन-तीन शिक्षकांना पुढच्या ऑगस्टात पहिला फोन करा.